दाताच्या खुर्चीत घेतलेला जबाब

ती गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि ती विसरून जावी अशी माझी इच्छाही नाही. पोलीस खात्यातून बाहेर पडलेले अधिकारी आठवणी लिहितात तेव्हा बहुधा पकडलेल्या डाकूंच्या लिहितात. माझ्याकडे तसं काही नाही. माझी नोकरी जेमतेम सहा वर्षांची. बत्तिसाव्या वर्षी मी राजीनामा दिला, तेव्हा मला निवृत्त म्हणायचं की पळालेला, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. खात्यात येण्याआधी मी पत्रकं लिहायचो आणि चौकाचौकांत वाटायचो. आता परत तेच करतो. त्यामुळे मला गोल गोल लिहिता येत नाही.

ही हकिकत एका निरपराध माणसाची आहे. त्याच्या कुळानं त्याला एक गोष्ट सांभाळायला दिली होती. ती मी त्याच्याकडून काढून घेतली. काठी न उगारता, आवाज न चढवता, त्याला जराही दुखू न देता काढून घेतली. नावं कुणाचीच देत नाही. बरेच जण हयात आहेत, आणि दोष द्यायचा तो एकालाच आहे.

तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. वर्धा नदी ओलांडली की राजुरा, आणि राजुरा म्हणजे हैदराबाद राज्य. माझं ठाणं या बाजूला, मूल गावाच्या पुढच्या धानपट्ट्यात, एका बाजाराच्या गावी होतं. गावात तीन राइस मिल, मंगळवारचा बाजार, आणि पूर्वेला दोन कोस गेलं की जंगल सुरू. ठाण्याचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी हजेरी, मग रोजनामच्यात नोंदी, मग पहाऱ्याची बदली. बाजाराच्या दिवशी गावोगावचे कोतवाल यायचे, आपापल्या गावातले जन्म आणि मृत्यू मुन्शीला सांगून वहीत भरून घ्यायचे, आणि जाता जाता काय दिसलं, काय ऐकलं तेही सांगून जायचे. तपासातली निम्मी खबर आम्हाला अशी मिळायची.

असाच एका मंगळवारी जंगलाकडच्या एका गावाचा कोतवाल आला. त्यानं एक जन्म लिहवला, दोन मृत्यू लिहवले आणि उठता उठता म्हणाला, "साहेब, नाकेदाराची सायकल आमच्या नाल्यात पडून हाये."

नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा पहारेकरी. तो बेपत्ता असल्याची फिर्याद त्याच्या बायकोनं आठ दिवसांपूर्वीच दिली होती.

"कधीपासून पडून आहे?"

"मले काय ठाव जी. पोट्ट्याइले चार रोजाआधी दिसली."

"आणि तू आज सांगतोस?"

"आज मंगळवार हाये ना, साहेब."

सायकल आणली. पुढचं चाक बसलेलं होतं. गावात चौकशी केली तर एवढंच कळलं की नाकेदाराला शेवटचं पाहिलं ते गावच्या कटोड्याशी भांडताना. कटोडा म्हणजे गोंडांमध्ये कुळाच्या देवाचा राखणदार. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. भांडण झाडांवरून होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई होती आणि त्या वर्षी तोडीचा कूप, म्हणजे तोडायचा जंगलाचा तुकडा, नेमका तिथे आखला होता. नाकेदारानं झाडांवर घण मारून खुणा केल्या होत्या.

माणूस बेपत्ता, सायकल नाल्यात, भांडणाला साक्षीदार. मी कटोड्याला ठाण्यात आणलं. त्यानं भांडण कबूल केलं. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाला, "तो गेला जी." कुठे गेला, तर "गेला."

राईत काय केलंस, या प्रश्नाला मात्र तो गप्प बसला. भांडणानंतर दोन दिवसांनी तो एकटा कुदळ घेऊन तिकडे गेला होता आणि माती लागलेल्या हातांनी परत आला होता, हे एका गुराख्यानं पाहिलं होतं. कुदळ कशाला, हे मी वीस वेळा विचारलं. वीस वेळा तो जमिनीकडे बघत राहिला. तो राखणदार आहे हे मला माहीत होतं. राखणदारानं काय राखायचं असतं, हे विचारावं असं मला सुचलं नाही.

आमचे जमादार जुने, पंचवीस वर्षं नोकरी झालेले. ते म्हणाले, "साहेब, माह्या हवाली करा. दोन तासांत बोलते."

मी नाही म्हणालो. पोलिसी मारहाणीविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलेली होती. माझ्या ठाण्यात कुणाच्या अंगाला हात लागत नाही, याचा मला मोठा गर्व होता. माझे वरिष्ठ सर्कल साहेब दर दोन दिवसांनी विचारत होते, जंगल खातं चिठ्ठ्या पाठवत होतं, आणि मी माझा गर्व सांभाळत बसलो होतो.

त्यात कटोड्याची दाढ सुजली. पहिल्या दिवशी गालावर हात, दुसऱ्या दिवशी डोळा झाकेल इतकी सूज, अन्न बंद.

त्याच दुपारी राइस मिलचा एक मुकादम कसल्या तरी जबाबावर सही करायला आला होता. कटोड्याकडे बघून तो म्हणाला, "याले आपल्या हवेच्या दाक्तराकडे न्या ना, साहेब. तुम्ही गेले का कधी तिथी?"

"नाही. माझे दात ठीक आहेत."

"अन बाईसाहेब?"

"लग्न झालेलं नाही."

"मंग त तुमाले काहीच ठाव नाई. माह्या बायकोची दाढ काढली त्यानं. नाकाले रबरी वाटी लावली, हवा सोडली. बाई हसाले लागली. दाढ निंगाली तरी हसूनच राह्यली. अन मंग, साहेब, तिनं माह्या मायची नक्कल केली. वीस वर्सं घरात तोंड नाई उघडलं तिनं."

जमादारांनी विचारलं, "मंग माय काय म्हणे?"

"काय म्हणते. बाहीर बाकावरच बसली होती." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "खोटं नाई सांगत, त्या हवेत माणूस खरंच बोलते. पोटातलं सारं बाहीर पडते."

त्याला ते गंमत म्हणून सांगायचं होतं. मी ते खबर म्हणून ऐकलं.

आता या डॉक्टरांविषयी सांगतो, कारण या सगळ्यात खरं काम करणारी माणसं तीच होती. हे दंतवैद्य वऱ्हाडातले. दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. लढाई संपल्यावर फौजेच्या मोडीतून त्यांनी एक गॅसचं यंत्र घेतलं आणि मोठ्या शहरात न बसता आमच्या गावात येऊन राहिले. या गॅसला नायट्रस ऑक्साइड म्हणतात. सिलिंडर नागपूरहून रेल्वेनं यायचे. बाकीचे डॉक्टर या गॅसनं माणसाला बेशुद्ध करत. हे तसं करत नसत. आधी नुसता प्राणवायू, मग त्यात थोडा थोडा गॅस. माणूस जागा राहतो, सांगितलं की तोंड उघडतो. हातापायांना मुंग्या येतात, अंग ऊबदार होतं, भीती निघून जाते, आणि दुखणं असलंच तर ते शेजारच्या माणसाचं असल्यासारखं लांब वाटतं. मग हिरडीत बधिर करणारी सुई. ती टोचल्याचंही फारसं कळत नाही. काम झालं की पाच मिनिटं परत प्राणवायू, आणि माणूस आपल्या पायांनी चालत बैलगाडीत जाऊन बसतो.

जंगलातल्या गावांमधून लोक दोन दोन दिवस चालत त्यांच्याकडे यायचे. नाहीतर त्यांच्या वाट्याला होता बाजारातला न्हावी आणि त्याचा चिमटा, दोघांनी खांदे धरायचे आणि एकानं डोकं.

या पद्धतीत डॉक्टरांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा, वाटा निम्मा होता. पेशंटच्या उशाशी एक स्टूल असायचं. बाई त्यावर बसायच्या, पेशंटचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि हळू आवाजात घरच्या गोष्टी बोलत राहायच्या. कोंबड्या किती, मोहफुलं वेचून झाली का, लेक कुठे दिली. डॉक्टर म्हणायचे, गॅस भीती घालवतो, पण गॅस आत ओढायला धीर लागतो, तो धीर ही देते.

मी डॉक्टरांना भेटलो आणि काय हवं ते सांगितलं. ते एकदम उभे राहिले.

"माझ्याकडे माणसं दुखणं घेऊन येतात, साहेब. जबाब द्यायला येत नाहीत."

"त्याची दाढ काढायचीच आहे. दोन प्रश्न विचारले तर बिघडलं काय?"

"त्या दोन प्रश्नांची उत्तरं खरी असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माझ्याकडे दोनच रस्ते आहेत. एक तुमचा, एक जमादारांचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याला जमादारांकडे देतो. मग सुजलेला गाल असेल, आणि आणखी बरंच काही."

मी तसं केलं नसतं. पण त्यांना ते कसं कळणार. ते बाईंकडे बघत राहिले. बाई आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटोड्याला नेलं. मी खाकी उतरवून पांढरा सदरा घातला होता. खुर्चीत बसल्यावर त्यानं रबरी वाटी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"याच्यात माणूस बडबडते म्हणतेत. खरं हाये का जी?"

"बोलतात कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "पण दुखत नाही."

"दुखलं तरी चालन. बडबड नको. ते लोखंडी चिमट्यानंच काढा ना."

"सूज फार आहे, भाऊ. तसं काढलं तर सहन होणार नाही."

त्यानं वाटी मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "साहेब बाहीर बसतीन ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. मी बाहेर बसतो." आणि बाहेर गेलो.

दिव्याचा उजेड लागू नये म्हणून डॉक्टर पेशंटच्या डोळ्यांवर ओला बोळा ठेवायचे. तो ठेवला, गॅस सुरू झाला, बाईंचा आवाज येऊ लागला. मी पाच मिनिटं थांबलो. मग आत आलो आणि बाईंना खुणेनं उठवलं. त्या उठेनात. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि त्यांच्या स्टुलावर बसलो. कटोड्याचा हात बाईंच्या हातातून मी माझ्या हातात घेतला. तो हात सैल, गरम होता, आणि त्यानं माझी बोटं विश्वासानं धरली.

"नाकेदाराशी भांडलास?"

तो हसला. "भांडलो."

"मारलंस त्याला?"

"मारलं."

"मग पुरलंस?"

"पुरलं." परत हसला.

डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तो सगळ्यालाच हो म्हणतोय. तू बैल आहेस का विचारा, त्यालाही हो म्हणेल."

ते विचारायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याऐवजी मी विचारलं, "कुठे पुरलंस?"

हसणं थांबलं. डोळ्यांवरच्या बोळ्याखालून पाणी आलं. बराच वेळ तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. मी त्याचा हात थोपटला, जसं बाई करतात तसं. म्हणालो, "सांग, भाऊ. आपलीच माणसं आहेत."

तेव्हा तो बोलला. "दोन डोहांच्या वर. ऐनाच्या झाडाखाली. तीन गोटे हायेत." आणि थोड्या वेळानं, अगदी स्पष्ट, "जोडे काढून जा जी तिथी."

मी ते ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. ज्यानं खून करून प्रेत पुरलं तो माणूस तिथे जोडे काढून जा म्हणेल का, एवढा विचार शिकाऊ शिपायानंही केला असता. मी खिशातली वही काढून लिहिलं: दोन डोह, ऐन, तीन गोटे. जोड्यांचं लिहिलं नाही.

दाढ उत्तम निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरलेली पाहून कटोडा शिपायाजवळ डॉक्टरांसाठी नमस्कारही सांगत होता. मी म्हणालो, "चल, दोन डोहांच्या वर जायचंय."

त्याचा चेहरा मी इथे लिहू शकत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "कोणं सांगतलं?"

"तूच."

त्यानं दोरीसाठी हात पुढे केले. कोर्टात पोलिसासमोरची कबुली चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून केस डायरीत मी लिहिलं, 'आरोपीस वैद्यकीय मदत दिली. त्यानंतर आरोपीने ठिकाण दाखविण्याची तयारी स्वखुशीने दर्शविली.' त्या कागदावर माझी सही आहे.

दोन पंच घेतले, एक तो मुकादम आणि एक शेजारच्या गावचा पाटील. गावातून जाताना बायका घरात शिरल्या आणि दारं लागली. पुरुष लांबून मागे मागे आले आणि डोहांपाशी थांबले, पाठ करून उभे राहिले. पोलीस खोदायला लागले की माणसं वाकून वाकून बघतात, हा माझा अनुभव. इथे एकही बघत नव्हता. तेही मला दिसलं, आणि त्याचा अर्थ मी असा लावला की सगळं गाव सामील आहे.

ऐनाच्या झाडाजवळ आल्यावर दोरीनं बांधलेल्या हातांनी कटोड्यानं माझी बाही ओढली. "साहेब, जोडे."

"चल पुढे," जमादार म्हणाले.

तीन गोटे बाजूला केले. हातभर खणल्यावर मडकं लागलं. प्रेत नव्हतं. मडक्यात कापडात गुंडाळलेली एक केसांची चवरी, चार घुंगरं आणि एक जुनं लोखंडी पातं, भाल्याच्या टोकासारखं. जमादारांनी ते पायानं उलटं केलं. त्यावर तांबूस डाग होते. पंचनाम्यात मी लिहवलं, 'एक लोखंडी पाते, धारदार, त्यावर रक्तासारखे डाग, संशयित हत्यार.' कापडात बांधून, लाखेची मोहोर लावून ते जप्त केलं. आजूबाजूला दुपारपर्यंत आणखी खणलं. काही मिळालं नाही.

वाचणाऱ्यांच्या ध्यानात एव्हाना आलंच असेल. तो त्यांचा देव होता. कूप तुटायला लागण्याआधी राखणदारानं तो राईतून हलवून सुरक्षित जागी ठेवला होता. जागा त्याच्याखेरीज कुणाला माहीत नसते. स्वतःच्या मुलालासुद्धा तो ती मरणाच्या आधीच सांगतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कसं? सांगणं हाच गुन्हा होता.

गावातला एक म्हातारा तीन वेळा ठाण्यात आला.

"साहेब, ते आमचं हाये."

"काय आहे ते?"

"आमचं हाये जी."

"अरे पण काय आहे? हत्यार आहे का?"

"आमचं हाये."

तिसऱ्या वेळी रोजनामच्यात मी लिहिलं, 'इसम असंबद्ध बोलतो.' पातं रासायनिक तपासणीसाठी नागपूरला गेलं. चवरी आणि घुंगरं मालखान्यात, चोरीच्या हंड्या आणि गावठी दारूचे डबे यांच्या मधे पडली. कटोड्याचा रिमांड वाढत गेला. कोठडीत तो पाणी प्यायचा, भाकरी खायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही.

बावीस दिवसांनी नदीपलीकडून एक सरकारी पत्र आलं. उर्दूत होतं. वाचायला शाळेतले एक मुसलमान मास्तर बोलावले. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचा मयत राजुऱ्याच्या बाजूला तापानं आजारी होता. आता बरा आहे."

नाकेदाराचं तिकडे दुसरं घर होतं. सायकल पंक्चर झाली म्हणून ती नाल्यात टाकून तो लाकडाच्या ट्रकनं चांद्याला गेला होता आणि तिथून नदीपार. दुसरं राज्य, त्यामुळे खबर यायला एवढे दिवस लागले. चार दिवसांनी तो स्वतः ठाण्यात आला, हातात नवी छत्री. मला सलाम करून म्हणाला, "साहेब, माझी सायकल इथी जमा हाये म्हणते."

जमादार खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. कुणाला मारावंसं मला कधी वाटलं असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही चुकीच्या माणसाला. सायकलला दोष नव्हता, नाकेदारालाही खुनाच्या बाबतीत नव्हता. तो जिवंत होता, बस.

तपासणीचा अहवालही आला. डाग शेंदराचे आणि गंजाचे होते.

कटोडा सुटला. कोर्टाच्या हुकुमानं मुद्देमाल परत करायचा होता. मी मोहोर तोडून पातं, चवरी, घुंगरं टेबलावर ठेवली. पावती पुढे केली आणि अंगठ्यासाठी शाई उघडली. तो टेबलापासून चार हात लांब उभा राहिला.

"घे," मी म्हणालो.

"मले नाई घेता येत."

"तुझंच आहे ना?"

"माह्यं नव्हतंच जी. मी राखून राह्यलो होतो. ज्याच्या तोंडातून जागा निंगाली त्याच्या हातात ते देता येत नाई. त्याच्या," आणि त्यानं दाराशी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडे मान केली, "त्याच्या हाती द्या."

म्हातारा आत आला. त्यानं जोडे बाहेर काढले होते. माझ्या ठाण्याच्या फरशीवर तो अनवाणी आला, कापड पसरलं, सगळं गोळा केलं आणि पावतीवर अंगठा दिला. कटोडा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. आता त्यानं बघायचंही नव्हतं.

मी माफी मागितली. खुर्चीवरून उठून मागितली, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. त्यानं ती ऐकली आणि म्हणाला, "तुम्ही मारलं नाई, साहेब. दाक्तर म्हणे तसंच झालं. मले काहीच दुखलं नाई."

त्याला टोमणा मारता येत नव्हता. तो खरंच आभार मानत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रकबाजीचा निकाल त्या एका वाक्यात लागला. मार दिला असता तर तो कदाचित बोलला नसता. दातावर दात रोवून त्यानं ते राखलं असतं, आणि मार खाऊन तो राखणदार म्हणूनच घरी गेला असता. मी त्याला दुखू दिलं नाही, म्हणून तो हरला. न दुखवता केलेला जुलूम आपल्याला जुलूम वाटतच नाही. केस डायरीत त्याला रकाना नसतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित नोकरीत राहिलो असतो. पण पुढच्या मंगळवारपासून डॉक्टरांच्या बाकावर जंगलातली माणसं येईनाशी झाली. मिलमधली, गावातली येत, पण दोन दिवस चालत येणारी एकदम थांबली. डॉक्टर स्वतः बैलगाडी करून तीन गावं फिरले. लोकांनी पाणी दिलं, खाट दिली, तोंड कुणी उघडलं नाही.

पावसाळ्यानंतर एका बाजाराला एका कोतवालानं मृत्यू लिहवला. बाई, वय तीस. कारण, ताप. मुन्शी लिहीत होता. मी सहज विचारलं, कसला ताप.

"दात सुजला होता जी. मंग गळा सुजला. श्वास नाई आला."

"मग इथे आणलं का नाही? डॉक्टर आहे ना."

कोतवालानं माझ्याकडे पाहिलं आणि परत वहीकडे पाहिलं. "त्या हवेत पोलीस ऐकते म्हणतेत."

मुन्शीनं विचारलं, "साहेब, कारण काय लिहू? ताप?"

त्यानं ताप लिहिलं. त्या नोंदीत चूक आहे. कारणाच्या जागी माझं नाव हवं होतं.

वर्षाच्या आत डॉक्टरांनी दवाखाना उठवला. यंत्र कुठे गेलं मला माहीत नाही. जाताना बाई मला भेटल्या नाहीत. मी राजीनामा दिला तेव्हा सर्कल साहेब म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी? माणूस तर जिवंत सापडला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते सरळ लिहितो. ज्याचं उत्तर आपणच प्रश्नात भरून ठेवलं आहे असा प्रश्न विचारू नये, हे पोलिसाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ते सहा वर्षांनी शिकलो. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की दुखणाऱ्या माणसानं डॉक्टरसमोर उघडलेलं तोंड ही सरकारची मालमत्ता नाही. दवाखान्याच्या दाराच्या आत खाकीला काम नाही, आणि खाकी उतरवून आलेल्याला तर मुळीच नाही. आज मी गावोगाव पत्रकं वाटतो त्यात दोन मागण्या आहेत. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात दात न दुखवता काढण्याची सोय हवी. गरिबानं खांदे धरवून घ्यावेत आणि साहेबानं गॅस घ्यावा, हे चालणार नाही. आणि त्या खोलीत डॉक्टर आणि पेशंटनं बोलावलेला माणूस सोडून कुणी जाता कामा नये. लोक म्हणतात, दुसरी मागणी कशाला, कोण जातं तिथे? मी सांगतो, मी गेलो होतो.

मागच्या वर्षी पत्रकं घेऊन मी त्या गावी गेलो. योगायोगानं त्यांच्या देवाचा दिवस होता. ढोल वाजत होते. राईतल्या उरलेल्या झाडांखाली कुळातली सगळी माणसं जमली होती, आणि अलीकडे एका बांधापाशी बाहेरचे लोक बसले होते. सोयरे, व्यापारी, एक शाळामास्तर. त्यांनी तो बांध ओलांडायचा नसतो. मी कुठे थांबावं ते मला कळेना.

त्या बाहेरच्या लोकांमध्ये तो बसला होता. केस पांढरे झाले होते. पलीकडे, त्याच्या जागी, कुणी तरुण माणूस डोक्याला फेटा बांधून उभा होता. कटोड्यानं मला पाहिलं, ओळखलं, आणि आपल्या शेजारची पानं हातानं झाडून जागा केली.

"या साहेब," तो म्हणाला. "आपल्याले इथूनच पाहा लागते."